किशोरीताईंचे भावगीत



जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार गायकी ज्यांना मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून लाभली,
आणि एकेका रागाच्या चिंतनात ज्यांनी आयुष्य वेचले,
त्या किशोरी आमोणकरांनी भावगीतही गायिले आहे.

होय, भावगीत.

शब्द शांताबाई शेळके यांचे,
चाल हृदयनाथ मंगेशकर यांची,
आणि गीत ‘जाईन विचारीत रानफुला’.

ख्यालात बंदिशीचे शब्द स्वरांच्या स्वाधीन असतात.
येथे स्वर शब्दांच्या तैनातीत उभे आहेत.
अवधी अवघ्या काही मिनिटांचा;
ख्यालातल्या विस्ताराला येथे वाव नाही.

परंतु वर्षानुवर्षांच्या रियाजाने सिद्ध झालेला तो सूक्ष्म स्वरविचार,
एखाद्या मींडेतून, एखाद्या लांबविलेल्या अक्षरातून असा प्रकट होतो,
की गानप्रकार बदलला तरी गायिका तीच, हे तत्क्षणी उमगते.

1964 साली, दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटाचे शीर्षकगीतही त्यांनी गायिले.
मला मात्र रानफुलाचेच गीत अधिक मोलाचे वाटते;
त्यात विद्वत्तेचा यत्किंचितही दर्प नाही.

गानप्रकार निराळा, गायिका तीच.

श्रोतेहो, हे गीत पुन्हा ऐकाल,
तेव्हा प्रत्येक ओळीच्या अखेरच्या स्वराकडे अवश्य लक्ष द्यावे.