एका आईची सही

आज तुम्हाला ऑस्ट्रेलियातल्या एका आईची आणि तिच्या मुलाची गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे, शंभर वर्षांहून जुनी.

मुलाचं नाव जेम्स मार्टिन. घरात त्याला जिम म्हणायचे. आई अमेलिया, वडील चार्ल्स. सहा भावंडांत जिम एकुलता एक मुलगा. मेलबर्न शहराच्या हॉथॉर्न भागात हे कुटुंब राहायचं. शाळा सुटल्यावर जिम शेतावर कामाला लागला.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रेलियात सैन्यात जायची सक्ती नव्हती. जायचं ते आपल्या मर्जीनं. जिमचे वडील भरतीला गेले, पण त्यांना घेतलं नाही. तेव्हा जिम म्हणाला, मग मी जातो. त्याचं वय होतं १४ वर्षं!

आईनं नाही म्हटलं. कोणती आई हो म्हणेल? पण पोरगा हट्टाला पेटला. म्हणाला, तुम्ही परवानगी दिली नाही तर मी दुसऱ्या नावानं भरती होईन आणि तुम्हाला पत्रही पाठवणार नाही. आता सांगा, त्या माउलीनं काय करावं? निदान खुशाली तरी कळेल, या आशेनं आईवडिलांनी लेखी संमती दिली. १२ एप्रिल १९१५ रोजी जिमनं वय १८ सांगितलं आणि तो शिपाई झाला.

जूनअखेर जहाज निघालं. आधी इजिप्त, मग तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईवर. वाटेत त्याच्या बोटीवर पाणबुडीनं हल्ला केला, जिम काही तास समुद्राच्या पाण्यात होता. त्यातून वाचला आणि सप्टेंबरमध्ये गॅलिपोलीला उतरला.

तिथं डोंगरउतारावर खणलेल्या चरांत शिपाई राहायचे. पाणी कमी, अन्न निकृष्ट, माश्यांचे थवे, आणि जवळच पुरायची राहिलेली प्रेतं. गोळीइतकीच माणसं आजारानंही आडवी होत होती. जिम घरी लिहायचा, माझी काळजी करू नका, मी मजेत आहे. आणि हेही लिहायचा, की घर सोडल्यापासून मला तुमचं एकही पत्र मिळालं नाही.

मग त्याला विषमज्वर झाला, आपण टायफॉइड म्हणतो तो. २५ ऑक्टोबर १९१५ रोजी त्याला इस्पितळाच्या जहाजावर आणलं. तिथल्या मुख्य परिचारिकेनं नंतर अमेलियाला पत्र लिहून कळवलं, की त्यानं आमचे आभार मानले, झोपायला म्हणून आडवा झाला आणि हृदय बंद पडून गेला. वय १४ वर्षं ९ महिने. त्याचा देह समुद्रातच सोडला. आईला रडायला कबरसुद्धा उरली नाही. गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकावर तेवढं त्याचं नाव कोरलेलं आहे. त्या युद्धात गेलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन शिपाई तोच, असं मानलं जातं.

मैत्रिणींनो, अमेलियाला दोष देणं सोपं आहे. पण त्या वेळी भरतीच्या टेबलामागे बसलेली मोठी माणसं होती. समोरचं पोर त्यांना दिसत होतं. जन्माचा दाखला कुणी मागितला नाही. तो मागितला असता, तर एका आईवर एवढं ओझं आलंच नसतं.

बचत गटाच्या वहीवर सही करताना आपण आकडा दोनदा वाचतो. मुलांच्या बाबतीत तर तेवढं करायलाच हवं. शाळा सोडून कामावर जायचं असो, कोवळ्या वयात लग्न असो, की दूरदेशीची नोकरी असो, पोर हट्ट करेल, घरचे घाई करतील. अशा वेळी एकटीनं निर्णय घेऊ नका. गटातल्या बायांना बोलवा, वयाचा दाखला समोर ठेवा, आणि मगच पेन हातात घ्या.