फडाचं पाणी

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावर चालणारी फड पद्धत निदान ३०० वर्षं जुनी मानली जाते. बंधाऱ्यातलं पाणी उताराने पाटात येतं. ना पंप, ना वीज. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, एखादा पडीक.

या पद्धतीचा कस लागतो टंचाईच्या वर्षी. नदीला पाणी कमी दिसलं, की शेतकरी एकत्र बसून ठरवतात, यंदा किती फड भिजवायचे. अनेकांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत असतात, त्यामुळे तोटाही वाटला जातो. पाणी द्यायचं ते पाट सांभाळणाऱ्या पाटकऱ्याने, शेताच्या मालकाने नव्हे. मला तर हाच नियम सगळ्यांत शहाणा वाटतो. निम्मी भांडणं तिथेच मिटतात!

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, शेतोशेती विहिरी आल्या आणि बरेच फड मोडले. काही गावांत मात्र ते अजून चालू आहेत आणि पाटातला गाळ शेतकरी स्वतःच काढतात.