ताळेबंद वाचताना : मोलिना हेल्थकेअर, २०१७ ते २०१८

आज कंपनी अमेरिकेतली आहे, पण अर्ध्यात सोडून जाऊ नका. शेवटी गाडी आपल्या दारावरून जाणार आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी पुण्यात दोन वर्षं नाइट शिफ्ट केलीय. काम काय, तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे क्लेम तपासायचे. समोर पेशंट नसतोच, फक्त कोड असतात. पहाटे चहा पिताना कधीतरी वाटायचं, हा जो क्लेम मी आत्ता परत पाठवला, तो कुणाचा असेल? टीम लीडर म्हणायचा, ‘टार्गेट बघ.’ असो.

तर मोलिना हेल्थकेअर. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये डॉ. सी. डेव्हिड मोलिना यांनी ती सुरू केली. ते इमर्जन्सी विभागात डॉक्टर होते. गरीब माणसं साध्या ताप-खोकल्यालाही इमर्जन्सीत येतात, कारण सरकारी मेडी-कॅल योजनेचा पेशंट बाहेरचे बरेच डॉक्टर घेतच नाहीत, हे ते रोज बघत होते. म्हणून त्यांनी क्लिनिक काढलं. म्हणजे आधी दवाखाना होता, विमा कंपनी मागाहून झाली. १९९६ मध्ये ते गेले आणि मुलगा मारिओ, तोही डॉक्टरच, प्रमुख झाला. दुसरा मुलगा जॉन पैशाचं बघायचा. २००३ मध्ये शेअर बाजारात आला.

आता धंदा कसा चालतो ते बघू. राज्य सरकार कंपनीला दर माणशी दर महिना ठरावीक रक्कम देतं. तेवढ्यात त्या माणसाच्या उपचारांचं सगळं बघायचं. उरलं तर कंपनीचं, कमी पडलं तरी कंपनीचंच! आपल्या मेसवाल्या काकूंसारखं आहे हे. महिन्याचे पैसे आधी घेतले, मग पोरं किती पोळ्या खातात त्यावर काकूंचं गणित. हे गणित ज्या आकड्यात दिसतं त्याला मेडिकल केअर रेशो म्हणतात : १०० डॉलर प्रीमियममधले किती उपचारांवर गेले.

२०१७ मध्ये मोलिनाचा हा आकडा होता ९०.६. उरलेल्या साडेनऊ डॉलरांत पगार, ऑफिसं, कॉम्प्युटर, सगळं भागवायचं. भागलं नाही. वर्षाचा तोटा ५१ कोटी २० लाख डॉलर. त्यात आधी चढ्या भावात घेतलेल्या कंपन्यांची किंमत खाली आणावी लागली, शिवाय माणसं काढण्याचा आणि करार मोडण्याचा खर्चही त्यातच धरलाय. फेररचनेलाही आधी पैसे मोजावे लागतात, हे लक्षात ठेवा.

२ मे २०१७ ला संचालक मंडळानं दोन्ही भावांना काढलं. बापाच्या नावाची कंपनी, आणि मुलांना घरी पाठवलं! त्या दिवशी शेअर जोरात वर गेला. बाजाराला भावना नसतात म्हणतात. मला वाटतं असतात, फक्त दुसऱ्या बाजूच्या. जुलैमध्ये जवळपास १,५०० नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं. नोव्हेंबरमध्ये जोसेफ झुब्रेट्स्की नवे प्रमुख म्हणून आले.

आणि २०१८? नफा ७० कोटी ७० लाख डॉलर. रेशो ८५.९. हे ४.७ टक्के किरकोळ वाटतात ना? पण प्रीमियम होता १,७०० कोटी डॉलरच्या वर. म्हणजे ८० कोटींचा फरक!

इथे जरा थांबू या. हे पैसे आले कुठून? जुनं व्यवस्थापन ढिलं होतं, हे मला मान्य आहे. करार नीट झाले, नको ते व्यवसाय विकले, हेही खरं. पण लोक स्वतः विकत घेतात त्या विम्याचे हप्तेही वाढवले. तिथले सभासद २०१७ च्या शेवटी ८ लाखांच्या वर होते, वर्षभरात साडेतीन लाखांच्या आसपास उरले. नफ्याच्या बातमीत ही ओळ शोधावी लागते. मी आता कुठल्याही विमा कंपनीचा रिपोर्ट उघडला की आधी सभासदांचा आकडा बघतो, नफा नंतर.

आता आपलं दार. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोलिनानं आपल्या आयटी यंत्रणेचं काम इन्फोसिसला दिलं. तिथली खर्चकपात ती इथली ऑर्डर. आमच्या ग्रुपवर अशी बातमी आली की पहिला मेसेज असतो, ‘भरती आहे का रे?’ मीही टाकलाय तो. लाज वाटत नाही, पण हसूही येत नाही.

एक राहिलंच. खर्च कमी करताना कंपनीनं आपले दवाखानेही सोडले, जिथून सगळं सुरू झालं तेच. कॅलिफोर्नियातले दवाखाने मग एका माणसानं स्वतः चालवायला घेतले.

डॉ. मारिओ मोलिना.