दोन हात जागा



आमच्या बिल्डिंगच्या फाटकाबाहेर, डाव्या हाताला, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक जागा आहे. सध्या तिथे सिमेंटच्या तीन कुंड्या आहेत. एकीत कण्हेर, दोघींत नुसती माती. आज मी तुम्हाला त्या जागेची गोष्ट सांगणार आहे. शहर कसं बदललं यावर बोला, असं मला सांगितलं होतं. पण अख्ख्या शहरावर बोलायची माझी ऐपत नाही. सहा बाय चारचं सांगू शकते.

ही बिल्डिंग चेन्नईत मैलापूरमध्ये आहे. कपालीश्वराच्या देवळापासून चालत सात-आठ मिनिटं. तुमच्यापैकी बरेच जण दक्षिणेची सहल करताना त्या देवळात गेला असाल. देवळाच्या चार बाजूंच्या चार रस्त्यांना माड वीदी म्हणतात, पश्चिमेला मोठं तळं आहे, आणि भोवती पितळेची भांडी, पूजेचं सामान, नवरात्रातल्या बाहुल्या, भाजी आणि फुलं. फुलांच्या माळा तिथे हातावर मोजून विकतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप, त्याला मुळम म्हणतात. आखूड हाताच्या बाईकडून माळ घेऊ नये, हा मला चेन्नईत मिळालेला पहिला सल्ला.

मी 1998 साली इथे आले. नवऱ्याची बदली झाली होती आणि आम्ही तीन वर्षांत परत जाणार होतो. त्याच्या आदल्याच वर्षी बकिंगहॅम कालव्यावरून जाणारी उन्नत रेल्वे मैलापूरपर्यंत पोचली होती, म्हणून ही वस्ती निवडली. घर मिळालं ते एका तंजावर मराठी कुटुंबाचं. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर आले, असं घरमालकीणबाई सांगायच्या. सांबारसुद्धा आम्हीच शोधलं, हेही सांगायच्या. त्यांची मराठी कानावर पडली की पहिली दोन मिनिटं वाटे, ही तमिळ आहे; मग एखादा शब्द असा यायचा की माझी आजीच बोलतेय. त्यांना सगळी गल्ली मामी म्हणायची, मीही म्हणू लागले.

घर बैठं, कौलारू, पुढे रस्त्याला लागून ओटा. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट उंच बांधलेला, वर लाल गुळगुळीत कोबा, लाकडी खांब आणि खाली उतरत आलेलं छप्पर. त्या ओट्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, ती आधीच सांगते. तो ओटा मामींच्या जमिनीवर होता. सातबारा म्हणा, पट्टा म्हणा, त्यावर त्यांचं नाव. पण त्याला दार नव्हतं, जाळी नव्हती. दुपारी पोस्टमन तिथे बसून पत्रं लावायचा. शाळेची रिक्षा चुकलेलं पोर तिथे बसायचं. पाऊस आला की कोण कोण चढायचं. घराने आपल्या जमिनीतली दोन हात जागा रस्त्याला देऊन टाकली होती.

आता लगेच गहिवरू नका. हे सगळ्यांना नव्हतं. भाजीवाली बाई पायरीवर बसायची, ओट्यावर कधीच नाही. कचरा उचलणारा माणूस पायरीवरही नाही. तिला पाणी द्यायचं भांडं वेगळं होतं आणि ते खिडकीच्या खाली पालथं ठेवलेलं असायचं. मी ते पाहिलं, आणि पहिली सहा वर्षं काही बोलले नाही. जुन्या गल्लीच्या आठवणी सांगणाऱ्यांना हे भांडं आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

खरी सगळ्यांची जागा होती ती ओट्यासमोर, रस्त्याच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली. तिथे इस्त्रीची गाडी उभी असायची. चार चाकांची हातगाडी, वर पत्रा, जाड घोंगडीवर पांढरी चादर, आणि निखाऱ्यांची सात-आठ किलोंची पितळी इस्त्री. इस्त्रीवाल्या अण्णांना आम्ही यायच्या आधीपासून तिथे बारा वर्षं झाली होती. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा अमेरिकेहून आला आहे, कोणत्या घरात भाडेकरू हवा आहे, हे त्यांना कपड्यांवरून कळायचं. आमचं घरसुद्धा आम्हाला त्यांनीच दाखवलं. दलाली घेतली नाही, फक्त म्हणाले, “शर्ट माझ्याकडेच द्यायचे.”

मामींचं घर 2011 मध्ये पाडलं. चेन्नईत जमीन ग्राउंडमध्ये मोजतात; एक ग्राउंड म्हणजे 2400 चौरस फूट. मामींची जागा दोन ग्राउंड, म्हणजे 4800. तेव्हाचा एफएसआय दीड. म्हणजे 7200 चौरस फूट बांधता येत होतं, आणि त्यातलं निम्मं प्रमोटरचं, निम्मं मालकाचं. बिल्डरला इथे प्रमोटर म्हणतात आणि या व्यवहाराला जॉइंट व्हेंचर. घरमालक एक पैसा घालत नाही, दोन वर्षं भाड्याने राहतो आणि फ्लॅट घेऊन परत येतो. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हे नवीन नाही.

पण कुणी खलनायक शोधत असाल तर तो इथे सापडणार नाही. मामींना तीन मुलं. दोघं परदेशात, एक बंगळूरला. कौलं दर पावसाळ्यात गळायची. संडास परसात, विहिरीच्या पलीकडे. गुडघे गेल्यावर रात्री तिथे जाणं म्हणजे प्रवास. विहीर उन्हाळ्यात आटायची. घर पाडलं त्या दिवशी मी रडले, मामी नाही रडल्या. त्यांनी मला विचारलं, “लिफ्टमध्ये आरसा असतो ना?”

आठ फ्लॅट झाले. मामींच्या वाट्याचे चार, उरलेल्या चारांपैकी एक आम्ही घेतला. तीन वर्षांसाठी आलेली माणसं मालक झाली. खाली खांबांवर उचललेलं पार्किंग, पुढे लोखंडी फाटक, फाटकाशी आसामहून आलेला वॉचमन. ओटा गेला. त्याच्या जागी गाड्या चढायला उतार झाला, आणि तो उतार फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर दोन हात पुढे आलेला आहे. दारातल्या कोलमचंही असंच झालं. कोलम म्हणजे आपली रांगोळी, पहाटे सडा घालून तांदळाच्या पिठाने काढलेली. आठ घरांना एकच फाटक, मग काढायची कुणी? काही महिने मामी लिफ्टने खाली येऊन काढत. गाड्यांच्या टायरने ती साडेसातला पुसली जायची. मग प्रत्येकाच्या दाराशी स्टिकर आला. मार्गळीत, म्हणजे आपल्या धनुर्मासाच्या दिवसांत, जानेवारीत उत्तर माड वीदीवर कोलमची मोठी स्पर्धा भरते. रस्ता बंद करून शेकडो बायका चौकोन आखून बसतात. सुंदर असतं, मी दरवर्षी जाते. पण ज्यांच्या दारात अंगण उरलेलं नाही अशा आम्ही बऱ्याच जणी तिथे पिठाचे डबे घेऊन येतो, हेही मला दिसतं.

2019 मध्ये राज्याचे बांधकामाचे नवे नियम आले आणि दीडचा एफएसआय दोन झाला. आमच्या गल्लीतली जी पाच-सहा बैठी घरं पहिल्या लाटेत वाचली होती, त्यांचा हिशोब एका रात्रीत बदलला. त्यातल्या एकात आता कॅफे आहे. त्याने ओटा ठेवलाय, खांबांना पॉलिश केलंय, पांढरे-तांबडे पट्टे रंगवलेत. पितळेच्या डबरा-पेल्यात कॉफी मिळते, किंमत मी सांगत नाही. ओट्यावर बसायचं तर आधी ऑर्डर द्यावी लागते.

त्याच सुमारास लूझच्या चौकात मेट्रोचं काम सुरू झालं. दुसऱ्या टप्प्यातले दोन मार्ग तिरुमयिलै स्थानकात जमिनीखाली एकत्र येणार आहेत. कचेरी रोडच्या दुकानांसमोर उंच पत्रे उभे राहिले आणि वाहनं आमच्यासारख्या गल्ल्यांमधून वळली. गाड्यांना वळायला जागा पुरेना. इथून आपल्या सहा बाय चारची गोष्ट सुरू होते.

जानेवारी 2023. असोसिएशनची सभा, सहा जण हजर. विषय क्रमांक चार: फाटकासमोरची इस्त्रीची गाडी. गाडीमुळे मोटारी वळत नाहीत. निखारे आहेत, आगीचा धोका आहे. बाहेरची माणसं तिथे घोळका करून उभी राहतात. कुणी वाईट बोललं नाही. एकाने तर म्हटलं, त्यांना निरोपाची भेट म्हणून पाच हजार देऊ या. सेक्रेटरींनी विचारलं, “कुणाची हरकत?”

मी मोबाइलमध्ये पाहत होते. मेसेज आलेला नव्हता. मी नुसती पाहत होते.

हे आज सांगायला मला दोन वर्षं लागली. माझं कारण मोठं नव्हतं. आमची नवी गाडी आली होती आणि तिला वळताना एकदा ओरखडा गेला होता. एवढंच.

करंज आधीच गेला होता, फाटक रुंद करताना. सावली नसल्याने अण्णांनी गाडीवर निळी ताडपत्री बांधली होती. ती “बरी दिसत नाही” अशीही एक तक्रार होती. महिन्याअखेर ते गेले. पाच हजार घेतले नाहीत. प्रत्येक घरात जाऊन उरलेले कपडे दिले, हिशोब मिटवला. माझ्याकडे बावीस रुपये निघत होते. मी पन्नासची नोट दिली, त्यांनी अठ्ठावीस परत केले.

मला तेव्हा कुठे कळलं की अण्णा आता कालव्याकाठी राहतच नव्हते. त्यांची वस्ती हटवून पेरुंबाक्कमच्या बहुमजली इमारतींत घरं दिली होती. मैलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. पक्कं घर, पण काम इथे. पहाटेची बस, दोनदा बदलून. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची गाडी सकाळी सातऐवजी नऊला उघडू लागली होती, आणि मी त्यांना उशिराबद्दल बोलले होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मरीनाच्या लूप रोडवरून मासे विकणाऱ्यांना हटवायला महापालिका आली. दीपगृहाच्या बाजूने किनाऱ्यालगत जाणारा तो रस्ता आमच्या घरापासून लांब नाही. तिथल्या नोच्चिकुप्पममधूनच आमच्याकडे मासे येतात. होय, मैलापुरातही मासे खातात, विचारू नका. कोळ्यांनी होड्या आणून रस्त्यावर आडव्या लावल्या. रस्ता आमच्या वाळूवरून गेलाय, आम्ही रस्त्यावर आलेलो नाही, असं त्यांचं म्हणणं. विक्री पूर्ण थांबली नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे मासळी बाजाराची इमारत उभी राहिली. त्यात सगळे खूश आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याशी बोलावं लागलं. ते शेकडो होते. अण्णा एकटे होते आणि समोर आम्ही सहा.

त्या बातम्या वाचताना मी पहिल्यांदा 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा काढून वाचला. रस्त्यावर वस्तू विकणाराच नव्हे, सेवा देणाराही त्यात येतो, म्हणजे इस्त्रीवालाही. आधी सर्वेक्षण, मग नगर विक्रेता समितीचा निर्णय, हटवायचं तर नोटीस. आणि हे सगळं करायचं महापालिकेने. फाटकाबाहेरचा रस्ता आमच्या असोसिएशनचा नव्हताच. ज्या जागेवर आम्ही ठराव केला, त्या जागेवर आमचा वीतभरही हक्क नव्हता. मामींच्या घराने स्वतःची दोन हात जागा रस्त्याला दिली होती. त्याच जमिनीवरच्या आम्ही आठ घरांनी रस्त्याची दोन हात घेतली, आणि वर कुंड्या ठेवल्या.

मी पुढच्या सभेत हे मांडलं. कायद्याचा कागद घेऊन गेले होते. सेक्रेटरी म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण तेव्हा का नाही बोललात? मामींच्या मुलाने व्हिडिओ कॉलवरून पाठिंबा दिला, आणि मग त्याचं नेट गेलं. कुंड्या राहिल्या.

अण्णांना शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिरुमयिलै स्टेशनजवळ, उन्नत रेल्वेच्या खाली, कालव्याच्या कडेला गाडी लावतात. वरून रेल्वे गेली की सगळं थरथरतं, पण सावली दिवसभर. कालव्याचा वास आहे. मी कायद्याचं सांगितलं, तमिळ प्रत दिली. त्यांनी घडी घालून चादरीखाली ठेवली. म्हणाले, “कागद चांगला आहे अम्मा. पण तुमच्या फाटकापाशी आता झाड कुठे आहे?”

आता मी दर सोमवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन स्टेशनाशी जाते. पंधरा मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात बोलता बोलता त्यांनी गाडीखालची चार गाठोडी दाखवली. सगळी आमच्याच बिल्डिंगमधली. एकावरची चादर मी ओळखली, सेक्रेटरींच्या घरची.

“सगळे येतात,” अण्णा म्हणाले. “फक्त म्हणतात, बाकीच्यांना सांगू नका.”