ती मागून आली होती

(महिला रविवारी, उपासनेनंतर आमच्या फिरत्या दवाखान्याच्या परिचारिकेने केलेले भाषण)



मार्काच्या शुभवर्तमानातील, पाचव्या अध्यायातील ती स्त्री आपल्या ओळखीची आहे. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. सगळा पैसा वैद्यांवर गेला, पण गुण आला नाही. गर्दीत ती मागून आली, कारण ते दुखणे चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या कोरकू भगिनी आजही अशाच मागून येतात.

एक गोष्ट सांगते. चूक माझीच आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तिला मराठी बोलता येत नव्हते, मला कोरकू येत नाही. मुलगा सांगायचा, "मायची कंबर दुखते, थकवा येते." मी गोळ्या दिल्या. ती तीनदा आली, तीनदा मी गोळ्याच दिल्या. चौथ्या वेळी सोबत सून होती. पडद्याआड ती हळूच म्हणाली, "सासूच्या अंगावरून लाल जाते, सिस्टर. पाळी गेली त्याले सहा वर्षं झाले."

पोटच्या मुलाच्या तोंडून ती हे कसे सांगणार? आणि मी तिला एकदाही एकटीला विचारले नव्हते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. नागपूर तिथून अडीचशे किलोमीटरहून लांब. उपचार सुरू झाले, पण उशीर झाला होता. पुढच्या पेरणीआधी ती गेली.

हा कॅन्सर एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे आधी गर्भाशयाच्या तोंडाशी बदल होतात, आणि त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात बदल सापडले तर साध्या उपचाराने ते थांबवता येतात.

आपल्याच मराठवाड्यात हे दिसून आले आहे. धाराशिव जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी एकदाच देण्यात आली, त्यातील 34,126 स्त्रियांपैकी आठ वर्षांत 34 जणी या कॅन्सरने दगावल्या. तपासणीची सोय नसलेल्या 31,488 स्त्रियांच्या गटात 64 जणी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर व्हिनेगरसारखे सौम्य अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी आरोग्यसेविकांनीच केली. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतातील 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नाही. तपासणी स्वस्त आहे, पण ती बाईपर्यंत पोहोचत नाही, आणि बाईचे दुखणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आता आमच्या दवाखान्यात पुरुष मंडळी बाहेर बसतात. पडद्याआड गावातलीच एक कोरकू बाई बसते आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारते: अंगावरून जाते का? पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर लाल दिसते का? उत्तर "हो" आले तर लगेच दवाखाना. आणि त्रास नसला तरी तिशीनंतर प्रत्येकीने तपासणी करून घ्यायची.

पण तालुक्याला जायचे म्हणजे त्या बाईची दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले, तरी तेही काढावे लागते. महात्मा जोतीराव फुले योजनेतून उपचार होतात, पण शिधापत्रिका आणि आधार तयार हवे. आणि मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभे राहायचे, हे सांगणारे कोणीतरी सोबत हवे.

एवढेच मागायला मी आले आहे. ज्यांना जमेल त्यांनी एका बाईच्या मजुरीचा आणि तिकिटाचा भार उचलावा. ज्या भगिनींना वेळ आहे, त्यांनी महिन्यातून एक दिवस सोबतीण म्हणून यावे. आणि आज घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूला, भावजयीला बाजूला घेऊन तेच दोन प्रश्न विचारावेत.

प्रभू त्या गर्दीत घाईत होता, तरी थांबला. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले. सोबतिणींची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे.