कुऱ्हाड नव्हती
(राजूर येथील युवक मेळाव्यातलं भाषण)



पेपरवाले खोटं लिहितात, असं आपण म्हणतो. खरं हाय. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. पेटल्या नाहीत, पेटवल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. याला 'दंगल' म्हणाले. दंगलीत दोन बाजू भिडतात. इथं एकानं जाळलं, दुसरा जळाला. 14 जानेवारी 1994 ला नाव आलं, तेही 'नामविस्तार' म्हणून.

पण आपलं काय? त्या दिवसांवर मी कविता केली. आज्जा कुऱ्हाड घेऊन वेशीत उभा! टाळ्या पडल्या. आज्ज्याला वाचून दाखवली. म्हातारा म्हणाला, "कुठली कुऱ्हाड? तुझ्या बापाचं तोंड दाबून रातभर ओढ्यात बसलो व्हतो. पोरगं रडलं असतं तर संपलो असतो."

मी गोदी कामगार. दहा पोती जास्त लिहिली, तर ती कुणाच्याच पाठीवर नसतात. माझी कुऱ्हाड तसलीच. आणि त्या कुऱ्हाडीवर बोट ठेवून जाळणारा म्हणणार, बघा, दोघंही लढले. म्हणजे दंगलच!

1855 साली चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं 'ज्ञानोदया'त बिनछपराच्या बाळंतिणींचं दुःख लिहिलं. तिला कुऱ्हाड घुसडावी लागली नाही.

ती कविता मी फाडली. आता ओढ्याची लिहितोय. भ्याड म्हणतील, म्हणू द्या.

तुमच्या राजुरातही म्हातारी माणसं हायेत. त्यांना विचारा. सांगतील तसंच लिहा.

जयभीम.