भुकेने शोधलेले जनुक



आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू कमालीचा स्वयंपूर्ण आहे. थोडे ग्लुकोज, अमोनियाचे क्षार, फॉस्फेट, मॅग्नेशियम यांसारख्या साध्या शिदोरीवर तो प्रथिनांना लागणारी वीसही अमिनो आम्ले घरीच बनवतो. आपल्याला त्यांतली नऊ अन्नातूनच घ्यावी लागतात. ट्रिप्टोफॅन हे त्यांपैकी एक. ते तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्यांसाठी ई. कोलायपाशी ओळीने पाच जनुके आहेत. त्यांतले एक जरी बिघडले तरी त्याची वाढ खुंटते. ट्रिप्टोफॅन वरून घातले तरच तो जगतो.

कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे लुईझ क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९७५ साली हेच व्यंग कामाला लावले. जिवाणूचा डीएनए सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा आणि एकेक जनुक हजारभर जोड्यांचे. तो सगळा वाचून हवे ते जनुक हुडकण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यांनी निरोगी जिवाणूच्या डीएनएचे तुकडे केले, ते प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएत जोडले आणि ट्रिप्टोफॅन न बनवू शकणाऱ्या जिवाणूंमध्ये घातले. मग हे जिवाणू ट्रिप्टोफॅन नसलेल्या अगारच्या पोषक थरावर पसरायचे. लाखो पेशी तशाच पडून राहतात. ज्या मोजक्या पेशींना नेमका तुकडा मिळाला, त्यांच्याच टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढुरक्या वसाहती दिसू लागतात. शोधणाऱ्याने जनुक पाहिलेलेही नसते. निवड भूक करते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

मात्र वसाहत दिसली म्हणून हुरळून जायचे नाही. बिघडलेले जनुक क्वचित आपोआपही दुरुस्त होते. म्हणून प्लाझ्मिड न दिलेल्या जिवाणूंची एक प्लेट शेजारी ठेवायचीच. शिवाय वाढलेल्या वसाहतीतले प्लाझ्मिड काढून नव्या उपाशी जिवाणूत घालायचे. तोही वाढला, तरच जनुक हाती आले असे म्हणावे. घाईत ही दुसरी फेरी गाळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते खरा पुरावा तीच देते.

१९७६ साली क्लार्क आणि कार्बन यांनी ई. कोलायच्या जवळजवळ सगळ्या डीएनएचे तुकडे सांभाळणाऱ्या दोन हजारांहून अधिक वसाहतींचा संग्रह उभा केला. आणि १९७७ मध्ये बॅरी रॅट्झकिन आणि कार्बन यांनी ल्युसीन हे अमिनो आम्ल न बनवू शकणाऱ्या ई. कोलायला चक्क यीस्टचे जनुक दिले. यीस्ट हा केंद्रक असलेला, जिवाणूंपासून फार दूरचा जीव. तरीही ते जनुक तिथे चालले आणि ल्युसीनविना उपाशी राहणारा जिवाणू वाढू लागला.